त्याला काय कळतंय त्यातलं?

आमच्या धंद्यात हे वाक्य फार स्वस्त झालंय. क्लायंटने जरा कुरबुर केली की कोणीतरी कॉल म्यूट करून म्हणतंच, "याला काय कळतंय त्यातलं?" गवयापासून गवंड्यापर्यंत सगळेच असं म्हणतात म्हणा! पण निदान चिप आणि कोड विकणाऱ्यांनी तरी म्हणू नये. १९९४ साली इंटेलने ते करून पाहिलंय.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. थॉमस नाइसली या अमेरिकन गणिताच्या प्राध्यापकाला जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना उत्तरं जुळेनात. शोधता शोधता दोष सापडला तो थेट पेंटियमच्या भागाकारात. भागाकार पटापट व्हावा म्हणून चिपमध्ये एक कोष्टक होतं, त्यातल्या काही जागा भरायच्याच राहून गेल्या होत्या. इंटेलला हे आधीच कळलं होतं. त्यांचं म्हणणं, नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकणार, स्प्रेडशीटवाल्या सामान्य माणसाला तो अनुभव यायला २७,००० वर्षं लागतील. तेव्हा चिप बदलून हवी असेल तर आधी तुमची गरज पटवून द्या!

लोक भडकले. डिसेंबरमध्ये आयबीएमने त्या चिपचे पीसी पाठवणं थांबवलं (त्यांचा हिशेब २४ दिवसांत एक चूक असा होता... २७,००० वर्षं कुठे नि २४ दिवस कुठे! म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत नव्हतंच). २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं. खर्च ४७.५ कोटी डॉलर्स.

आता बघा, घरी पत्रं टाइप करणाऱ्याला तो दोष बहुधा जन्मात भेटला नसता. तरी माझ्या मते बरोबर तोच होता. तो सर्किटला मार्क देतच नव्हता. वस्तू सदोष आहे, विकणाऱ्याला ते माहीत होतं आणि आता तो मलाच जाब विचारतोय, एवढं त्याला दिसत होतं. त्याला इंजिनियरिंगची डिग्री लागत नाही. शिवाय १९९१ पासून 'इंटेल इनसाइड'च्या जाहिराती करून, डब्याच्या आतला न दिसणारा भाग आमच्या नावावर घ्या, हे याच सामान्य माणसाला सांगणारे कोण? विकताना त्याची पसंती चालते आणि तक्रारीच्या वेळी तो अडाणी?

अर्थात वाय-टू-केचं उलट आहे. १ जानेवारी २००० ला फारसं काही बिघडलं नाही, म्हणून "सगळा बागुलबुवा होता" म्हणणारे आजही भेटतात. माझा मामा तेव्हा कोबोलचे ढिगारे उपसत होता. दोन आकडी वर्षं शोधून शोधून दुरुस्त करायची, दुसरं काही नाही. हे ऐकलं की तो अजून चिडतो. न झालेला घोटाळा बाहेरच्याला दिसणार कसा? तिथे बाहेरच्याचा निकाल मी मानणार नाही. कोड उघडून बघणारा कोणी जाणकारच हवा.

असो. आमच्या एका क्लायंटकडच्या अकाउंट्समधल्या काकू दर महिन्याला मेल टाकतात, "रिपोर्ट उघडेपर्यंत चहा पिऊन होतो." इंडेक्स कुठे टाकायचा हे त्या सांगायला लागल्या तर मी ऐकणार नाही. पण चहाचं मोजमाप आमच्या डॅशबोर्डपेक्षा पक्कं आहे. त्यांचं तिकीट 'युजर एरर' म्हणून कोणी बंद केलं, ते सोमवारी विचारणार आहे.