‘ग्रुपवर राजकारण नको’ : एका नियमाचे खंडन

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असो, भावकीचा असो की निवृत्त सहकाऱ्यांचा, तिथे एक नियम हमखास असतो : राजकीय पोस्ट टाकू नयेत. एरवी वर्षातून दोन-चारदा आणि निवडणुका आल्या की रोजच ॲडमिन त्याची आठवण करून देतो. कुणाचेही वाईट न चिंतणारी, समंजस माणसे हा नियम करतात आणि तितकीच समंजस माणसे तो पाळायला तयार होतात. म्हणूनच त्याचे खंडन नीट, मुद्देसूद करायला हवे. हा नियम ज्या गोष्टी वाचवण्यासाठी केला जातो त्याच गोष्टींची तो हानी करतो, असे माझे म्हणणे आहे. वाद बंद करून आपले भले होणार नाही. वाद कसा करायचा, हे ठरवून घेतले तर होईल.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पूर्ण ताकदीने. नियमाच्या बाजूने चार मुद्दे मांडले जातात. पहिला असा, की राजकारणाने माणसे तुटतात. शाळेपासूनची मैत्री एका निकालावरून संपते, चुलतभाऊ ग्रुप सोडून जातात आणि पुढे लग्नकार्यात समोर आले तरी तोंड फिरवतात. दुसरा असा, की एवढे बोलून कुणाचेही मत बदलत नाही, मग हा खटाटोप कशासाठी? तिसरा स्वभावाचा. व्यक्ती तितक्या प्रकृती. कुणी तापट, कुणी हळवा, कुणी आकडे हाताशी घेतल्याशिवाय न बोलणारा, कुणी चिमटा काढल्याशिवाय न राहणारा. असे सगळे एकत्र येऊन राजकारण बोलू लागले तर भांडण ठरलेलेच. चौथा मुद्दा भीतीचा : कुणी भलतेसलते लिहिले तर पोलीस ॲडमिनच्या दारात येतील.

यातला एकही मुद्दा पोकळ नाही. पण त्यांतून ‘म्हणून राजकारण नको’ हा निष्कर्ष निघत नाही.

भीतीपासून सुरुवात करू, कारण तिला इतिहास आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, या दोघींना पालघरमध्ये अटक झाली. ती धास्ती अनेकांच्या मनातून अजून गेलेली नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्या दोन कितीही अप्रिय वाटल्या तरी त्यांना घटनेचे संरक्षण आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कायद्याने मनाईची रेघ चिथावणीपाशी ओढली आहे. ‘राजकारण नको’ म्हणणारा ॲडमिन ती साध्या मतापाशीच ओढतो. चिथावणी आणि धमकी त्याने जरूर काढून टाकावी. मत काढून टाकायला मात्र कायद्याने त्याला सांगितलेले नाही.

आता मूळ प्रश्न. या नियमाने राजकारण खरेच थांबते का? मुळीच नाही. थांबते ते उत्तर. ग्रुपमध्ये बहुसंख्य ज्या मताचे असतात त्या मताला कुणी राजकारण म्हणत नाही; ते सुविचार, देशप्रेम किंवा समाजजागृती या नावांनी निर्धास्त फिरते. आरक्षणाने गुणवत्तेचा बळी गेला, असे सांगणारा फॉरवर्ड सकाळच्या फुलांच्या फोटोंसोबत येतो आणि त्यावर अंगठे उमटतात. त्याच बॅचमध्ये आरक्षणाच्या आधाराने शिकलेला, घरातला पहिला पदवीधर झालेला एखादा जण असतो. तो शांतपणे लिहितो, की माझ्या घरी त्या आरक्षणाने काय घडले तेही ऐका. तेवढ्यात ॲडमिनला नियम आठवतो. आधीचा फॉरवर्ड तसाच राहतो आणि उत्तर देणारा गप्प होतो. उलट मताच्या ग्रुपमध्येही हेच होते. जिथे बहुसंख्य पुरोगामी आहेत तिथे श्रद्धाळू माणसाची टिंगल ‘विनोद’ म्हणून खपते आणि त्याने हरकत घेतली की ते राजकारण ठरते. नियम निःपक्षपाती दिसतो; प्रत्यक्षात तो जो संख्येने कमी आहे त्याच्या तोंडावर हात ठेवतो. मुळात राजकारणावर न बोलण्याची चैन सगळ्यांना परवडत नाही. ज्याचे पीक हमीभावावर, मुलीचे शिक्षण शिष्यवृत्तीवर किंवा घर पुनर्वसनाच्या यादीवर अवलंबून आहे, त्याने आपल्या आयुष्याविषयी तोंड उघडले की ते राजकारणच असते.

राजकारण कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, हे ठरवणेही सोपे नाही. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली. महाराष्ट्रभर विरोध झाला आणि २९ जूनला सरकारने त्या विषयावरचे आपले निर्णय मागे घेतल्याचे जाहीर केले. सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात, हा पालकांच्या ग्रुपचा विषय नव्हे तर कुणाचा? त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते. ‘राजकारण नको’ म्हणून ज्या पालकांना गप्प बसवले गेले असेल, त्यांना स्वतःच्या मुलाच्या दप्तराविषयीच बोलू दिले गेले नाही.

या मौनाचा आणखी एक परिणाम अधिक धोक्याचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मुले पळवणारे आहेत, असा संशय होता आणि तशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी मेसेज फॉरवर्ड करण्यावर बंधन आणले. कंपनी फॉरवर्डची संख्या कमी करू शकते. ‘हे कुठून आले? कुणी पाहिले? तारीख काय?’ असे विचारण्याची सवय मात्र माणसांनी माणसांना लावावी लागते, आणि ती वादातच लागते. ज्या ग्रुपवर प्रत्येक प्रतिप्रश्नाला भांडण समजले जाते तिथे ही सवय मरते. मग कुठलाही खोटा मजकूर बिनविरोध मंजूर होतो.

मत बदलत नाही म्हणून वाद व्यर्थ, हा दुसरा मुद्दा वादाचे फळ चुकीच्या ठिकाणी शोधतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना परिषदेच्या अध्यक्षपदाचे निमंत्रण दिले आणि १९३६ मध्ये ती परिषदच रद्द केली, तेव्हा त्यांनी आपले भाषण स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही समाविष्ट केले. गांधीजींचे मत बदलावे एवढ्यासाठी तो खटाटोप नव्हता. वाचणाऱ्याने दोन्ही बाजू समोर ठेवून स्वतः निवाडा करावा, यासाठी होता. ग्रुपवरही दोघे बोलत असतात आणि कित्येक जण नुसते वाचत असतात. एका शब्दाचीही प्रतिक्रिया न देणारे हे वाचक आपले मत बनवत असतात. शिवाय विरोधकाला उत्तर देताना आपल्याच म्हणण्यातला कच्चा भाग आपल्याला दिसतो, हा लाभ वेगळाच.

स्वभावांच्या मुद्द्याला तर आपली संविधान सभाच उत्तर आहे. संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी हे आकडे सांगितले आणि बंडखोर सदस्यांचे नावे घेऊन आभार मानले. हरि विष्णू कामथ होते, विदर्भाचे पंजाबराव देशमुख होते, के. टी. शाह आणि हृदयनाथ कुंझरूही होते. सगळ्यांनी पक्षशिस्त पाळून माना डोलावल्या असत्या तर कामकाज नीरस झाले असते, यांच्या हरकतींमुळेच संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगायची संधी मिळाली, असा त्यांचा आशय होता. त्यांच्या सूचना स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांच्या सेवेचे मोल कमी होत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. भिन्न प्रकृतीची माणसे हे सभेचे बळ ठरले, कारण प्रत्येकाच्या बोलण्याला तिथे रीत होती. तापट माणूस इतरांनी टाळलेला प्रश्न विचारतो, आकडेवाला चूक पकडतो, हळव्या माणसाला कुणाला लागले ते आधी कळते. रीत असली की हे सगळे उपयोगी पडते आणि रीत नसली की हेच एकमेकांच्या अंगावर येते.

राहिला सर्वांत जड मुद्दा, माणसे तुटण्याचा. टिळक आणि आगरकर यांचे उदाहरण इथे दिले जाईल आणि ते द्यायलाच हवे. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. मैत्री तुटली, हे खरेच. पण कशाने काय झाले ते वेगळे करून पाहा. आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, संमतिवयाचा कायदा असावा की नसावा, या वादाने महाराष्ट्राला विचार करायला शिकवले. त्या दोन पत्रांची शिदोरी आपण आजही खातो. कटुता वाढली ती टीका मुद्दा सोडून माणसावर घसरली तिथे, आणि आजन्म सभासदांनी संस्थेबाहेर कमाई करावी का यासारख्या घरगुती तंट्यांत. तरीही १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. मतभेद आणि मनभेद यांत भिंत उभी करता येते. ती वेळेवर उभारली गेली नाही, याची हळहळ वाटते. पण म्हणून तो वादच नको होता, असे आगरकरांचा किंवा टिळकांचा कुठलाही वाचक म्हणणार नाही.

आणि ज्या नात्यांच्या काळजीने हा नियम केला जातो, ती नातीच या वादासाठी सर्वांत योग्य जागा आहेत. पक्षाचा मेळावा, वृत्तवाहिनी, समविचारींचे वर्तुळ, सगळीकडे माणसे मत पाहून जमतात. दहावीची बॅच मत पाहून जमलेली नसते. एका गावाने, एका शाळेने, एका जन्मसालाने तिला बांधलेले असते. दुसऱ्या बाजूला मत देणारा तिथे आपला बाकावरचा सोबती असतो. आपल्या वडिलांच्या आजारपणात रात्रभर जागलेला तो माणूस मूर्ख किंवा देशद्रोही नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. मग तो असे का मानतो, हे विचारायला याहून चांगली जागा कोणती? इथेही बोलायचे नसेल तर दुसरी बाजू आपल्याला फक्त तिच्या शत्रूंच्या तोंडून कळणार.

आता मंडन. वादाची रीत आपल्याला उसनी आणायची नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांनी कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने दोन्ही पक्ष तपासणे हा वाद. काहीही करून जिंकण्यासाठी बोलणे हा जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचे नुसते मोडत राहणे ही वितंडा. समोरच्याच्या शब्दांना त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवणे याला तिथे छल म्हटले आहे. ग्रुपवर आपण ज्याला कंटाळलो आहोत तो जल्प आहे, ती वितंडा आहे. ‘आणि तुमच्या पक्षाने काय केले?’ एवढेच विचारत राहणारा वितंडाच करत असतो. बंदी घालायची तर या दोहोंवर घाला. वादाला मोकळे सोडा.

त्यासाठी पाच गोष्टी पुरेशा आहेत. आपल्या शब्दांत लिहावे. राजकीय फॉरवर्ड टाकायचा तर ‘मला हे का पटते’ हे सोबत सांगावे, कारण फॉरवर्डला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. ‘भक्त’, ‘चमचा’, ‘गुलाम’ अशी लेबले आणि जात, धर्म, घरच्या बायका यांच्यावरचे शेरे काढून टाकावेत, आणि ॲडमिनने हे स्वतःच्या बाजूच्या माणसालाही तितक्याच कडकपणे लावावे. लगेच उत्तर मागू नये. कुणी रात्री तापतो, कुणाला विचार करायला दोन दिवस लागतात, आणि गप्प राहणे म्हणजे हरणे नव्हे. माहिती चुकीची निघाली तर त्याच ग्रुपवर तसे लिहावे.

काही ग्रुप एका कामापुरते असतात : रक्तदात्यांचा, पाणीपुरवठ्याचा, शाळेच्या सूचनांचा. तिथे कामाशिवाय दुसरे काही नको, हे रास्त आहे, कारण तिथे राजकारणाबरोबर वाढदिवसाच्या शुभेच्छाही नको असतात. माझा आक्षेप त्या ग्रुपांवरच्या नियमाला आहे जिथे जेवणापासून जन्मपत्रिकेपर्यंत सगळे चालते आणि फक्त एका विषयावर बोलायला मनाई असते.

ही रीत कुणी पाळणार नाही, असे म्हटले जाईल. ‘राजकारण नको’ हा नियम तरी कोण पाळतो? तो रोज मोडतो आणि मागे अढी ठेवून जातो. वादाची रीत मोडली तर निदान काय मोडले ते दाखवता येते आणि पुढच्या वेळी सुधारता येते.

म्हणून ॲडमिनांना माझी सरळ विनंती आहे. ग्रुपच्या नियमांतली ती ओळ काढा आणि तिच्या जागी या पाच गोष्टी लिहा. पहिले काही आठवडे खडाजंगी होईल, एखादा ग्रुप सोडूनही जाईल. त्याला फोन करा, परत बोलवा. आपल्यापेक्षा वेगळे मत असलेल्या, पण आपल्या असलेल्या माणसाशी बोलता येणे हे नागरिक म्हणून आपले पहिले काम आहे, आणि ते कुठल्याही पक्षावर सोपवता येणार नाही.