समूहोपचार आणि सरकारी तिजोरी

मनाच्या आजाराचा विषय निघाला की आपल्या चळवळीत अजूनही चुळबूळ सुरू होते. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही त्याला मनाचे चोचले कुठून परवडणार, हा एक युक्तिवाद. आणि समाजव्यवस्था पालटली की माणसांची मने आपोआप निरोगी होतील, हा दुसरा. पहिल्यात गरिबाचा अपमान आहे, कारण त्याला पोट आहे पण मन नाही असे त्यात गृहीत धरलेले असते. दुसरा सद्हेतूने केला जातो. परंतु व्यवस्था पालटेपर्यंत काय करावयाचे, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होते, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड वाट्याला येत नाही अशा देशात, तज्ज्ञाच्या खोलीत एकेकट्याने बसून घ्यावयाचा उपचार सर्वांना मिळेल हे साध्या अंकगणितातही बसत नाही. समूहोपचाराचा विचार आपण गंभीरपणे केला पाहिजे तो येथून.

समूहोपचारात गूढ असे काही नाही. आठ-दहा माणसे आणि एक प्रशिक्षित गटप्रमुख आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी गोलाकार बसतात. कोणाच्या घरी मृत्यू झालेला असतो, कोणाचे भावाशी वितुष्ट आलेले असते, कोणी सासरी किंवा नव्या शहरात उपरे झालेले असते. एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे, आपापला अनुभव सांगावा, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत निदान एक गोष्ट करून पाहावी. ठरावीक आठवड्यांनी हा क्रम संपतो.

ही कल्पना सुखवस्तूंच्या दिवाणखान्यात जन्मलेली नाही. १९०५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात जोसेफ प्रॅट या डॉक्टराने क्षयरोग्यांचे साप्ताहिक वर्ग सुरू केले. आरोग्यधामाचा खर्च न परवडणारे हे रोगी होते. विश्रांती, आहार व स्वच्छता यांविषयीच्या सूचना एकेकाला देण्याऐवजी सर्वांना एकत्र द्याव्यात, एवढाच प्रॅटचा मूळ हेतू; एकत्र बसल्याने रोग्यांच्या मनाला येणारा धीर हाच मोठा लाभ आहे, हे त्याला मागाहून उमगले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात बायन, फोक्स प्रभृतींनी खचलेल्या सैनिकांचे गट केले, तेही बव्हंशी सैनिक फार आणि वैद्य थोडे म्हणूनच.

तथापि आपल्याला अधिक जवळचे उदाहरण युगांडाचे आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील राकाई व मसाका हे जिल्हे एड्सच्या साथीने होरपळून निघाले होते. घरोघर मृत्यू, अनाथ पोरे आणि निराशेने अंथरूण धरलेली माणसे. तेथील लोकांपाशी या अवस्थेसाठी स्वतःचे शब्द होते. त्यांचा अर्थ साधारणपणे स्वतःचा तिटकारा येणे आणि स्वतःची कीव करीत राहणे असा होतो. संशोधकांनी प्रथम हे शब्द समजून घेतले, ही त्यांची सचोटी. नंतर तीस गावे निवडली. पंधरा गावांत पुरुषांचे आणि पंधरांत स्त्रियांचे गट. त्यांतील काही गावांत सोळा आठवडे, दर आठवड्यास दीड तास बैठक, आणि उरलेल्या गावांत तूर्त काही नाही. गटप्रमुख त्याच भागातले होते. मानसशास्त्राशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण त्यांना पुरले. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचारापूर्वी गटांतील ८६ टक्के व्यक्तींत तीव्र नैराश्याची लक्षणे होती, नंतर ती ६.५ टक्क्यांत उरली. ज्या गावांत काही केले नव्हते तेथेही प्रमाण ९४ वरून सुमारे ५५ टक्क्यांवर आले, हे सांगितलेच पाहिजे. दुःखाला काळ हेही औषध असतेच. परंतु ६.५ आणि ५५ यांतील अंतर काळाच्या खात्यावर टाकता येणार नाही. सहा महिन्यांनीही हा लाभ टिकून होता. त्या गावांतील दारिद्र्य मात्र होते तेवढेच राहिले. भौतिक परिस्थिती बदलल्यावाचून मन सावरतच नाही असे मानणाऱ्यांनी या आकड्यांपाशी थोडे थांबावे. सावरलेली माणसे शेतावर पुन्हा जाऊ लागतात, घरच्यांना पुन्हा वेळ देऊ लागतात. आणि संघर्ष करावयाचा तो अशाच माणसांनी करावयाचा असतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रकारात एक गोष्ट विलक्षण वाटते. येथे प्रत्येक जण ग्राहक आहे आणि उत्पादकही आहे. दहावी बाई येईनाशी झाली की उरलेल्या नऊ जणींचे औषध तेवढे पातळ होते. अशा वस्तूची किंमत बाजाराला नीट ठरवता येत नाही. म्हणून बाजार तिचे दुसरेच काही करतो. कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांना गोलाकार बसवून तणावमुक्तीचे धडे दिले जातात. टार्गेट तेच, कामाचे तास तेच, फक्त श्वास कसा घ्यावा हे शिकवले जाते. मालकाच्या खर्चाने आणि मालकाच्या नजरेखाली भरणाऱ्या गटात मालकाविषयी कोण बोलेल?

आणखी एक धोका आपल्या घराजवळचा आहे. गावोगाव बचत गट आहेत, तेव्हा समूहोपचार त्यांनाच जोडून द्यावा, अशी सूचना हमखास येईल. वरवर ती सोयीची दिसते. पण सूक्ष्म वित्त कंपन्यांचे संयुक्त जबाबदारीचे गट काय करतात ते आठवावे. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. शेजारणींची लाज हेच तेथे तारण असते. २०१० साली आंध्र प्रदेशात कर्जदार स्त्रियांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर सरकारला अशा कंपन्यांच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. गोलाकार बसलेल्या दहा स्त्रियांचे चित्र दोन्हीकडे सारखेच दिसते. मात्र हप्ता मागणाऱ्या तोंडापुढे मन मोकळे होत नसते. वसुलीचे वर्तुळ आणि धीराचे वर्तुळ वेगळेच ठेवावे लागेल.

मुलांच्या बाबतीत उत्साहाला थोडा आवर घालणे बरे. उत्तर युगांडातील निर्वासितांच्या छावण्यांत १४ ते १७ वर्षांच्या मुलामुलींवर हाच उपचार करून पाहिला गेला. २००७ साली निघालेला निष्कर्ष असा की मुलींच्या नैराश्यात स्पष्ट सुधारणा झाली, मुलांच्या बाबतीत तसे खात्रीने म्हणता आले नाही. आणि नुसत्या सर्जनशील खेळांच्या गटांनी तर नैराश्यावर काहीच परिणाम साधला नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना वर्गात सजग ध्यानाचे पाठ देण्याचा मोठा प्रयोग झाला. नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही, असे २०२२ साली जाहीर झाले. याउलट बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरांहून अधिक माध्यमिक शाळांतील प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. तेथे खास नेमलेल्या स्थानिक, बिगरतज्ज्ञ समुपदेशकांनी शाळेचे वातावरण पालटले, दांडगाई कमी झाली, नैराश्य उतरले; तेच काम शिक्षकांवर सोपविले त्या शाळांत काही घडले नाही. यात शिक्षकांचा दोष नाही. मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि पोषण आहाराचे हिशेब सांभाळणाऱ्या मास्तरांच्या पाठीवर मुलांच्या मनाचे ओझेही टाकून मोकळे होण्याच्या सरकारी वृत्तीचा तो दोष आहे.

महाराष्ट्राला या वाटेची ओळख नाही असे नव्हे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनी माणसे एकमेकांच्या आधारानेच उभी राहत आली आहेत. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातील कार्यकर्त्यांमार्फत लहान लहान बैठका घेतल्या. मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेले. ही कामे संस्थांची आहेत. देणगी आटली किंवा प्रकल्पाचा काळ संपला की गावाकडे काय उरते, हा प्रश्न संस्थांना नव्हे, शासनाला विचारावयाचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम १८ ने शासनामार्फत चालणारी किंवा शासनाच्या पैशाने चालणारी अशी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. हक्काचा उच्चार फुकट होतो. अंमलबजावणीला पगार लागतो.

आणि येथेच तिजोरीची चलाखी सुरू होते. समूहोपचार स्वस्त आहे हे सिद्ध झाले, म्हणजे तो आशाताईंच्या कामाच्या यादीत आणखी एक ओळ म्हणून घुसडावा, हा मोह सरकारला होणारच. ज्या स्त्रियांना आजही स्वयंसेविका म्हणवून मानधनावर राबविले जाते, ज्यांचे स्वतःचे मन थकून गेलेले आहे, त्यांच्याकडून दुसऱ्यांच्या मनाची उस्तवार मोबदल्यावाचून करून घेणे ही शुद्ध पिळवणूक होय. प्रत्येक उपकेंद्रासाठी एक पगारी गटप्रमुख, तिच्यासाठी नियमित प्रशिक्षण आणि अडल्यावेळी विचारावयास जिल्ह्याच्या ठिकाणी एक तज्ज्ञ, ही आपली मागणी असली पाहिजे. आत्महत्येच्या काठावर असलेल्याला किंवा तीव्र मनोविकाराच्या रुग्णाला गटात बसवून भागत नाही. त्याला डॉक्टर व औषध तातडीने लागते.

राहिला जातीचा प्रश्न. युगांडात स्त्री-पुरुषांचे गट वेगळे केल्याने बरेचसे भागले. आपल्या गावात तेवढ्याने भागणार नाही. समाजमंदिरात बैठक ठेवली तर वरच्या आळीतील बाया फिरकणार नाहीत. देवळाच्या ओट्यावर ठेवली तर वस्तीवरच्या पायरीशीच थबकतील. पाटलांच्या वाड्यात ठेवली तर कोणी काही बोलणारच नाही. शिवाय सुनेने सांगितलेले सासूच्या कानी जायला गावात संध्याकाळही लागत नाही. गट एकजातीय ठेवले तर मोकळेपणा येईल, पण भिंत पक्की होईल. मिश्र ठेवले तर पहिले काही आठवडे नुसते मौनात जातील. आमच्या मते ते आठवडे मौनात जाऊ द्यावेत. बैठक मात्र उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात, म्हणजे कोणाच्याही मालकीची नसलेल्या जागेतच भरली पाहिजे, आणि त्या खोलीची किल्ली गटप्रमुख बाईच्या हाती असली पाहिजे, सरपंचाच्या नव्हे.