हरवलेले नंदनवन आणि साठवलेली साळ

मानवजातीच्या आरंभी एक सुखाचे स्थान होते आणि ते आपण गमावले, ही कल्पना अनेक धर्मपरंपरांत आढळते. त्या स्थानाचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक परंपरा निराळे देते. आमच्या मते हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नाही. गमावलेले कोणी आणि कसे परत मिळवायचे, हे त्या उत्तरावरच ठरते.

बायबलमधील एदेन बाग नष्ट झाल्याचे उत्पत्तीच्या कथेत म्हटलेले नाही. आदाम आणि हव्वा यांना बाहेर घालवले गेले व जीवनवृक्षाच्या वाटेवर ज्वालामय तलवारीचा पहारा बसला. बाग आहे, पण वाट बंद आहे. म्हणून तिचा शोध थांबला नाही. मध्ययुगीन युरोपच्या नकाशांत ती पूर्वेच्या टोकाला दाखवीत. १४९८ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याशी गोड्या पाण्याचा प्रचंड लोंढा पाहून कोलंबसाला ती जवळच असावी असे वाटले. मार्टिन ल्यूथरच्या मते मात्र ती जलप्रलयात नाहीशी झाली होती. इस्लाममध्ये आदमची बाग आकाशातील जन्नतच होती, असे बहुतेक भाष्यकार मानतात. काहींच्या मते ती पृथ्वीवरच होती. कुराणात ईश्वर आदमची क्षमायाचना स्वीकारतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पुराणांतील कृतयुग ही जागा नसून काळ आहे. ४,३२,००० वर्षांचे कलियुग सरल्यावर तो पुन्हा येतो, अशी तेथे धारणा आहे.

श्रीलंकेतील श्रीपाद पर्वताच्या माथ्यावर पावलासारखा एक ठसा आहे. बौद्ध त्यास तथागतांचे पदचिन्ह मानतात, हिंदू शिवाचे आणि मुसलमान आदमचे. श्रद्धा वेगळ्या असूनही माणसे एकाच वाटेने वर चढतात. म्हणून इतरांच्या श्रद्धेचा उपहास करणे आम्हांस मान्य नाही.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताचे उत्तर या सर्वांहून वेगळे आहे. ब्राह्मण कुळातून संघात आलेल्या वासेट्ठ व भारद्वाज यांना त्यांचे जातभाई दूषणे देत होते. त्या निमित्ताने भगवंतांनी ही कथा सांगितली. आरंभीचे जीव स्वयंप्रकाशी होते, प्रीती हेच त्यांचे अन्न होते. पृथ्वीचा रस चाखून त्यांच्यात तृष्णा जागली आणि तेज मावळले. काही सुरूप, काही कुरूप झाले. सुरूपांना आपल्या वर्णाचा गर्व झाला आणि तो रसही आटला. पुढे कोंडा नसलेली साळ आपोआप पिकू लागली. संध्याकाळी नेली तरी सकाळी ती पुन्हा तयार असे. एका आळशाने दोन वेळची साळ एकदम आणली. ते पाहून दुसऱ्याने दोन दिवसांची आणली, तिसऱ्याने चार, चौथ्याने आठ. मग साळीला कोंडा आला आणि कापलेली साळ पुन्हा उगवेना. शेतांना बांध पडले, चोरी आली, खोटे आले, मारहाण आली. शेवटी सर्वांनी मिळून आपल्यातूनच एक महासम्मत निवडला.

या कथेत कोणी कोणाला हाकलले नाही. दारावर पहारा नाही, कारण दारच नाही. गर्व आणि साठेबाजी यांनी ते सुख संपले. वर्ण आणि राजा हे माणसांच्या व्यवहारातून आले, जन्मतः कोणी श्रेष्ठ ठरले नाही. ही पृथ्वीच्या उत्पत्तीची शास्त्रीय हकीकत म्हणून वाचावी, असा आमचा आग्रह नाही. जगाची उत्पत्ती सांगणे हे धर्माचे प्रयोजन आणि जगाची पुनर्रचना करणे हे धम्माचे, असा भेद बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केला आहे. त्या दृष्टीने ही कथा आपल्या आजच्या व्यवहाराबद्दल आहे.

कोणी म्हणेल, ज्यांच्या घरात कालपर्यंत साठवायला मूठभर धान्यही नव्हते, त्यांना साठवू नका असे सांगणे क्रूरपणाचे आहे. आक्षेप खरा आहे. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी राखलेली पुंजी हा दोष नव्हे. दोष आहे तो साठवणुकीची चढाओढ लागून मागच्यासाठी काही उरत नाही तेव्हा. शिक्षण, नोकरी आणि प्रतिष्ठा ही आपल्या पिढ्यांची साळ आहे. १९५६ साली आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती याच साळीची होती. जी वाट आपल्याला मिळाली, तिच्यावर आपणच बांध घातला, तर वर्णगर्वाची निंदा करण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे साधे आहे. एका मुलाचा वर्षाचा भोजनखर्च उचला. सुटीत येऊन गणिताचे चार तास घ्या. भरतीच्या परीक्षेची माहिती स्वतःपुरती ठेवू नका. नंदनवन कोठे गेले याची उत्तरे जगात अनेक राहतील, आणि राहोत. आपल्या परंपरेने ते कशामुळे गेले, हे सांगून ठेवले आहे. जे माणसाच्या वागण्याने गेले, ते माणसाच्या वागण्यानेच परत येऊ शकते.