वाघावरचे चांगदेव आणि दोनशे घोड्यांची गाडी



बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नाही. दिवाळीत घर भरलेले होते, मग पाहुणे गेल्यावर चार दिवस नुसती आवराआवर. पण दिवाळीत आमच्या ओसरीवर जे भांडण झाले ते काही डोक्यातून जात नाही. म्हटले, लिहूनच टाकावे. जे ओसरीवर हजर होते त्यांनी वाचावे, आणि जे नव्हते त्यांनी निवाडा करावा.

भांडणाचे कारण मोटारसायकल! सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तरणीने, तेही मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने, मोटारसायकलवर लिहावे याचे हसू येईल. हसा. पण बावीस वर्षे मी लूनावरून शाळेत गेले आहे. वाळूवर चाक कसे सटकते आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की काय होते, हे माझ्या डाव्या गुडघ्याला अजून आठवते.

तर झाले असे. थोरला नातू पुण्यात नोकरीला आहे. त्याला आता सुपरबाईक घ्यायची आहे. जुनी, म्हणजे सेकंडहँड, पण हजार सीसीची. कर्ज मंजूर होत आले आहे म्हणे. फराळाच्या ताटावर त्याने फोन काढला आणि आम्हा सगळ्यांना शर्यतीची चित्रफीत दाखवली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, ती बघायला हा गेला होता. गाड्या जमिनीला इतक्या झोपत होत्या की स्वारांची कोपरे रस्त्याला घासत होती. मी पुरणाची डिश खाली ठेवली.

आमचे भाऊजी (माझे धाकटे दीर, आयुष्यभर येझदी चालवली, दुरुस्तीही स्वतःच केली) बघून म्हणाले, "ह्यात पोरांचं काय कौतुक वहिनी? सगळं कॉम्प्युटर करतो. आमच्या वेळी होती खरी मर्दुमकी."

नातू म्हणाला, "करू दे ना कॉम्प्युटरला! म्हणून तर ही गाडी सेफ आहे, आजी. घसरायला लागली की तीच सांभाळते. तू काळजीच करू नकोस."

मला दोघांचेही म्हणणे साफ चुकीचे वाटते. आणि दोघांनी न काढलेला तिसरा मुद्दा तर फारच महत्त्वाचा वाटतो. एकेक घेते.

आधी भाऊजी. तुम्ही ज्याला मर्दुमकी म्हणता त्याची किंमत काय होती ते बघा. पूर्वी जागतिक शर्यतीत पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या असत. वळणावर गाडी झुकलेली, स्वाराने थ्रॉटल किंचित जास्त पिळला, की मागचे चाक घसरे. घाबरून थ्रॉटल सोडला की तेच चाक एकदम रस्ता पकडे, गाडी स्प्रिंगसारखी ताठ उभी राही आणि स्वार वरून फेकला जाई. याला ते लोक हायसाइड म्हणतात. १९९२ साली असेनला मिक डूहानचा पाय इतका मोडला की कापायची वेळ आली होती. १९९३ साली मिसानोला वेन रेनी पडला. तीन वेळचा जगज्जेता, त्या वर्षीही गुणांत पुढे असलेला. त्यानंतर तो पुन्हा चालू शकला नाही. भाऊजी, हे भित्रे नव्हते की अडाणी नव्हते. माणसाच्या मनगटालाच एक मर्यादा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता हा कॉम्प्युटर करतो तरी काय? नातवाने मला कागदावर काढून दाखवले, आणि मुलगा समजावून सांगतो चांगले (रक्तात आहे!). आजच्या गाडीत थ्रॉटलची दोरी नसते. मूठ पिळणे म्हणजे नुसता अर्ज. तो मंजूर करायचा की कापून मंजूर करायचा हे यंत्र ठरवते. पुढचे चाक किती वेगाने फिरते, मागचे किती, दोन्हींत फरक किती, हे ते सतत मोजते. शिवाय गाडीच्या पोटात एक छोटी डबी असते. गाडी किती झुकली, नाक वर उचलले का, बाजूला सरकते का, हे सगळे ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा सांगते. मागचे चाक मर्यादेबाहेर फिरू लागले की इंजिनाचा जोर क्षणभर कमी केला जातो. हे ट्रॅक्शन कंट्रोल. पुढचे चाक हवेत उचलले जाऊ लागले की तोच उपाय, ते व्हीली कंट्रोल. ब्रेक दाबून चाक जाम होऊ लागले की ब्रेक सोडून पुन्हा पकडायचा, ते एबीएस. आणि वळणात झुकलेले असताना हेच जास्त हलक्या हाताने करायचे, ते कॉर्नरिंग एबीएस.

म्हणजे भाऊजी, यंत्र शुद्धलेखन तपासते. निबंध लिहीत नाही. पुरावा हवा? मोटोजीपीत २०१६ पासून सगळ्यांना एकच संगणक आणि एकच प्रणाली वापरावी लागते. एकच वही, एकच पेन. तरी पहिला एकच येतो ना? शिवाय त्या शर्यतीत एबीएसला परवानगीच नाही. तीनशेच्या वेगावरून वळणासाठी गाडी आवरायची ती स्वाराने स्वतःच्या बोटांनी. तुमच्या येझदीवर तुम्ही जे करत होता तेच, फक्त पाचपट वेगाने. तेव्हा त्या मुलांना नमस्कार करा आणि 'आमच्या वेळी' हे पालुपद आवरा.

आता नातवा, तुझी पाळी.

तू म्हणतोस गाडी सांभाळते. तू स्वतः तिकीट काढून गेलेल्या त्याच शर्यतीत काय झाले ते विसरलास का? तेव्हाचा जगज्जेता बान्याया दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि पडला. जिंकला बेझेकी. २०२० साली हेरेसला मार्क मार्केझ असाच उडून पडला आणि उजव्या दंडाचे हाड मोडले. जगातले उत्तम यंत्र, उत्तम टायर, उत्तम स्वार. पुन्हा जगज्जेता व्हायला त्याला २०२५ उजाडले. मधली वर्षे शस्त्रक्रियांत गेली. यंत्र घर्षण मोजू शकते, निर्माण करू शकत नाही. रस्त्याला टेकलेला टायर तळहाताएवढाच असतो. त्याच्याजवळ जे नाही ते कोणता कॉम्प्युटर आणून देणार?

आणि ती शर्यत होती कुठे? एका दिशेने जाणाऱ्या, झाडून पुसून ठेवलेल्या रस्त्यावर. टायर आधी गरम केलेले. पडलास तर घसरत जायला मोकळे रान. तेच वळण दिवसभर पुनःपुन्हा. वैद्य तयार. त्या दिवशी उन्हाचा त्रास म्हणून फेऱ्यासुद्धा चोवीसच्या एकवीस केल्या होत्या. आता तू आमच्या पुणतांब्याला ये. गळीत हंगाम सुरू आहे. संध्याकाळी साडेसहाला उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. पुढे शेतातून रस्त्यावर आलेला ओला चिखल. त्यापुढे वाळू. त्यापुढे गतिरोधक, ज्याला पांढरा पट्टा कधी लागलाच नाही. तुझी डबी चाकाखाली आत्ता काय आहे ते सांगते. वळणापलीकडे काय आहे ते तिला कुठे ठाऊक?

थोडे गणितही कर. ताशी साठने जाताना सेकंदाला सुमारे सतरा मीटर जातोस. ताशी एकशेऐंशीने पन्नास मीटर. वेग तिप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर नऊपट होते. हे सातवीतल्या मुलालाही पटते, आणि कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स हे गणित बदलत नाही. भाऊजींच्या वेळच्या माणसाला निदान भीती तरी वाटायची. गाडी थरथरायची, आवाज करायची, सांगायची की बाबा, आता पुरे. तुझी गाडी तीच भीती गिळून टाकते आणि तुला वाटते आपण फार चांगले चालवतो. मला त्या दोनशे घोड्यांपेक्षा या भ्रमाची धास्ती जास्त आहे.

इथपर्यंतचे भांडण घरातले होते. तिसरा मुद्दा मात्र घराबाहेरचा आहे, आणि खरे तर त्यासाठीच लिहायला बसले.

आमच्या गावात हजार सीसीची गाडी कोणाकडे नाही. शंभर सीसीच्या मात्र दारोदारी आहेत. आठ घोड्यांची ताकद, त्यावर नवरा, बायको, मध्ये मूल, हँडलला दुधाची किटली. या माणसाला इलेक्ट्रॉनिक्सची गरज जास्त की शर्यतवाल्याला? सरकारने १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे केले. फार चांगले केले. पण त्याखालच्यांना? त्यांना नुसता जोडब्रेक, म्हणजे एक दाबला की दुसराही थोडा लागतो. चाक जाम होणे त्याने थांबत नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसे जास्त त्याचे चाक सुटणार आणि ज्याच्याकडे कमी त्याचे अडकणार, असाच हा नियम झाला.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के. भागाकार करून पाहिला, रोज दोनशेच्या वर येतात. यांतले सुपरबाईकवाले किती असणार हो?

त्या दोनशेंतला एक माझा विद्यार्थी होता असे मी मनाशी धरते, जरी त्याचे वर्ष वेगळे होते. अक्षर मोत्यासारखे. दहावीनंतर शेती धरली. पावसाळ्याच्या सुरुवातीला सकाळी दूध घालून परत येत होता. कुत्रे आडवे आले, त्याने ब्रेक दाबला, पुढचे चाक जाम झाले आणि ओल्या डांबरावर गाडी बसली. वेग चाळीससुद्धा नसेल, असे मागून येणाऱ्याने सांगितले. डोक्यावर टोपी होती, हेल्मेट नव्हते. मी त्याच्या आईकडे भेटायला गेले तेव्हा तिने त्याची शाळेतली वही काढून माझ्यापुढे ठेवली. लाल शाईतली माझीच सही तीत होती. काय बोलायचे?

एबीएसने तो वाचलाच असता असे मी म्हणणार नाही. हेल्मेट असते तर कदाचित त्यानेच वाचला असता. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेली पन्नास हजारांवर माणसे गेली, आणि त्याला सरकार जबाबदार नाही, आपण आहोत. पण चाक जाम होऊन गाडी बसणे हा काही दैवाचा भाग नाही. त्यावरचा उपाय मोटारसायकलीत पहिल्यांदा बीएमडब्ल्यूने १९८८ साली बसवला. आपल्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या गाड्या बनतात. २०२० सालच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये कॉर्नरिंग एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही होते. म्हणजे विद्या परदेशात अडकलेली नाही, इथे चाकणात आहे. त्याच बजाजने २०२१ मध्ये एकशेदहा सीसीच्या प्लॅटिनाला एबीएस लावून दाखवले. म्हणजे छोट्या गाडीला ते बसत नाही असेही नाही. सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस आणि प्रत्येक गाडीबरोबर दोन हेल्मेट, असा मसुदा केंद्र सरकारने काढला तो २०२५ च्या जूनमध्ये. १९८८ पासून मोजा.

यावर ठरलेले उत्तर येते, "गाडी महाग होईल, गरिबाला परवडणार नाही." गरिबाची ही काळजी मला फार जुनी ओळखीची आहे. मुलींना शिकवणे परवडत नाही हेही असेच काळजीने सांगितले जायचे. चाळीस वर्षे ऐकले. काही हजार रुपये परवडत नाहीत, मग कर्ता माणूस जाणे परवडते का? ज्यांना घोडे वाढवायला पैसे सापडतात त्यांना लगामाला सापडत नाहीत?

आता शेवटचे. आमच्या गावाला गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. त्यांची कथा तुम्हाला माहीतच आहे. चौदाशे वर्षे तप केलेले चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले. वाघ आवरला होता, साप आवरला होता. सिद्धीत काही कमी नव्हती. आणि समोरून भावंडे भिंतीवर बसून आली. कथा म्हणते, चांगदेव वाघावरून उतरले. लहानपणी मला भिंत चालली याचे नवल वाटायचे. आता वाटते, उतरले हे जास्त नवलाचे. इतका मोठा वाघ मुठीत असताना कोण उतरतो?

नातवा, गाडी घेऊच नकोस असे मी म्हणत नाही. तुझे पैसे, तुझी हौस. पण वाघ पळवायचा तर मैदानात पळव. चेन्नईला, कोइमतूरला रीतसर ट्रॅक आहेत, तिथे शिकवणारेही आहेत. तिथे जा, शीक, जमिनीला कोपर लाव, मी टाळ्या वाजवीन. आमच्या रस्त्यावर मात्र उतरून ये.

हे सगळे मी त्याला फोनवर वाचून दाखवले. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी माझं रेसिंगचं हेल्मेट दाखवायला आणतो."

म्हटले, आण. येताना आणखी एक साधेही आण. तुझे आजोबा रोज मळ्यात टोपी घालूनच जातात.

असो. तुम्हाला काय वाटते ते कळवा. भाऊजींनी आधी शेवटपर्यंत वाचावे आणि मग फोन करावा. :-)