सायकल तो चालवणार, पैसे आपण द्यायचे: ही वर्गणी चालते तरी कशी?

ओळखीतलं एखादं पोरगं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात नोकरीला असतं. एके दिवशी त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. मी अमुक रुग्णालयासाठी दीडशे किलोमीटर सायकल चालवणार आहे, खालच्या लिंकवर जमेल तेवढी मदत करा. गावाच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगं चांगलं काम करतंय, पाचशे टाका. दुसरा म्हणतो, सायकल हा चालवणार, व्यायाम ह्याचा होणार, फोटो ह्याचे येणार, मग पैसे आम्ही का द्यायचे?

दुसऱ्याचा प्रश्न खवचट वाटतो, पण तो रास्त आहे. कुणी सायकल चालवली म्हणून एकाही पेशंटचं बिल भरलं जात नाही. तरी जगात अशा राईडमधून डोळे विस्फारतील एवढा पैसा उभा राहतो. तो कसा, आणि कुठे गळतो, हे लिंकवर बोट ठेवण्याआधी समजून घेतलेलं बरं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 'पॅन-मास चॅलेंज' नावाची सायकल राईड दरवर्षी ऑगस्टमध्ये होते. बिली स्टार नावाच्या माणसाने ती 1980 साली सुरू केली. त्याची आई कॅन्सरने गेली होती. पहिल्या वर्षी 36 जण निघाले आणि 10,200 डॉलर जमले, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ऐंशी हजार रुपये. 2024 साली त्याच राईडने 7.5 कोटी डॉलर बोस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर संस्थेला दिले. आपल्या पैशात ते सहाशे कोटींच्या वर जातात. सुरुवातीपासूनचा एकूण आकडा त्याच वर्षी शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेला.

हे साधलं कशामुळे? तिथे नाव नोंदवतानाच सायकलस्वार किमान रकमेचा शब्द देतो. सगळ्यात गाजलेला मार्ग दोन दिवसांचा, जवळपास तीनशे किलोमीटरचा आहे. त्याला अलीकडे सहा हजार डॉलरच्या आसपास किमान रक्कम आहे. तेवढी जमली नाही, तर उरलेली रक्कम सायकलस्वाराच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डातून वळती होते. थोडक्यात, 'बघू किती जमतात ते' अशी गोष्ट तिथे नाही. माणूस आधी स्वतः जामीन राहतो आणि मग लोकांपुढे हात पसरतो.

दुसरी बाब खर्चाची. रस्त्यावरचा बंदोबस्त, पाणी, जेवण, डॉक्टर, मागून येणाऱ्या गाड्या, ह्या सगळ्याला पैसा लागतोच. पॅन-मासवाले तो प्रवेश फी आणि प्रायोजक कंपन्यांकडून भागवतात. शिवाय हजारो स्वयंसेवक फुकट राबतात. त्यामुळे सायकलस्वाराने लोकांकडून आणलेला प्रत्येक डॉलर पुढे संस्थेकडे जातो, असं ते छातीठोकपणे सांगू शकतात. आपल्याकडच्या सप्त्यात पंगतीचा खर्च एका घराकडे, मांडवाचा दुसऱ्याकडे आणि वर्गणी सगळी मंदिराच्या बांधकामाला, असं ठरवतात ना, तसलाच प्रकार.

राहिलं मागणं. जो रक्कम पुरी करतो, तो सगळ्यांना एकच मेसेज ढकलत नाही. आपल्या पानावर तो पहिली देणगी स्वतःची टाकतो. मी हे कुणासाठी करतोय, आई, शेजारी की शाळेतले गुरुजी, ते चार ओळींत लिहितो. मग एकेकाला नावाने विचारतो. तिकडे बऱ्याच कंपन्या कामगाराने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, त्याचीही आठवण करून देतो. राईड झाल्यावर पुन्हा प्रत्येकाला कळवतो की झाली, एवढे जमले, आभारी आहे. ग्रुपवर लिंक टाकून गप्प बसणाऱ्याला फार थोडे जण देतात. घरी जाऊन वर्गणी मागणं आणि लाऊडस्पीकरवरून मागणं ह्यात जो फरक, तोच इथे.

म्हणजे पैसा सायकल आणत नाही, ओळख आणते. आणि गाडी अडते तीही इथेच. ओळखीच्या माणसाला हिशोब विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

खर्चाचं गणित चुकलं तर काय होतं, ह्याचं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे. 1994 पासून कॅलिफोर्नियात एड्सग्रस्तांसाठी मोठी राईड निघायची. पुढे खर्च फार होतो ह्यावरून आयोजक कंपनी आणि संस्था ह्यांच्यात फाटलं. 2002 पासून सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या दोन संस्थांनी 'एड्स लाइफसायकल' नावाने आपली वेगळी राईड चालवली. सात दिवस, 545 मैल, म्हणजे पावणेनऊशे किलोमीटर. प्रत्येकाने तीन-साडेतीन हजार डॉलर तरी जमवायचे. काम मोठं झालं, पैसा अफाट जमला. पण हजारो लोकांना आठवडाभर तंबूत ठेवायचं, खाऊ घालायचं, वाटेत सांभाळायचं, हा खर्च वाढत गेला आणि सायकलस्वार घटले. जून 2025 ची राईड शेवटची ठरली.

माझं मत सरळ आहे. राईड जितकी लांब आणि थाटाची, तितका देणगीतला पैसा वाटेतच मुरण्याचा धोका जास्त. कुणी काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवर निघालं आणि 'अनाथ मुलांसाठी' म्हणून पैसे मागितले, तर त्यातून त्याच्या जेवणाखाण्याचे आणि मुक्कामाचे किती आणि मुलांचे किती, हे आधी विचारावं. प्रवासासाठी मदत मागणं काही वाईट नाही. पण मग तसं उघड म्हणावं. बाबा आमटे 1985 साली शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, ते भारत जोडायचा संदेश घेऊन. त्या यात्रेला कुणी रुग्णालयाच्या देणगीचं लेबल लावलं नाही. नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारीही तशीच, भक्तीची. संदेशाची यात्रा वेगळी आणि वर्गणीची वेगळी.

आपल्या राज्यात वर्गणीची ही रीत रुजली ती जास्त करून मुंबई मॅरेथॉनमुळे. 2004 पासून तिथे कितीतरी लोक एखाद्या संस्थेच्या नावाने धावतात आणि आपल्या ओळखीत देणग्या गोळा करतात. आता सायकलवालेही तेच करतात. कायदा मात्र धावणाऱ्याला, सायकलवाल्याला आणि गणपती मंडळाला वेगळा नाही. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 क लागू होतं. म्हणून तर नोंदणी नसलेली गणेश मंडळं दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे परवानगीचा अर्ज करतात. तालुक्यातल्या पोरांनी सायकल फेरी काढून वर्गणी करायची ठरवली, तर सोपा मार्ग एकच: नोंदणी असलेल्या ट्रस्टसाठी करा, आणि पैसा थेट ट्रस्टच्या खात्यात जाऊ द्या. आपल्या फोनवरच्या क्यूआर कोडवर पाच रुपयेसुद्धा घेऊ नका. नंतर कितीही प्रामाणिकपणे सांगितलं तरी गावात कुजबुज थांबत नाही.

परदेशातल्या पोरांनी तर जास्तच जपून राहावं. समजा, बोस्टनला असलेल्या गावच्या इंजिनिअरने सायकल चालवून गावच्या वाचनालयासाठी ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांकडून पैसे जमवले. हेतू सोन्यासारखा आहे. पण तो पैसा 'परदेशी देणगी' ठरतो. वाचनालयाकडे एफसीआरए नोंदणी किंवा केंद्राची पूर्वपरवानगी नसेल तर तो घेणं गुन्हा आहे. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी लागते आणि मागच्या तीन वर्षांत कामावर पंधरा लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. बहुतेक गावच्या वाचनालयांना ते जमणारं नाही. एखाद्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत वळवून आणावा म्हटलं, तर 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद केलं आहे.

मग वाट कोणती? त्याचा पासपोर्ट अजून भारताचा असेल, तर स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने त्याने पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र आपल्याच भावकीतला असला तरी कायद्याने तो परदेशी. लाखाचा चेक वाजत-गाजत स्वीकारून फोटो टाकण्याआधी विश्वस्तांनी एवढं तपासलं नाही, तर नोटीस त्यांच्या नावाने येते, सायकलवाल्याच्या नावाने नाही.

आता ग्रुपवर आलेल्या लिंकचं. पैसे कुणाच्या नावावर जातात ते यूपीआयच्या पडद्यावर पिन टाकण्याआधी दिसतं. तिथे ट्रस्टऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं तर थांबा आणि लिंक पाठवणाऱ्याला फोन करा. फोन करा म्हणतोय, मेसेज नव्हे, कारण हॅक झालेल्या व्हॉट्सॲपवरून उत्तरही चोरच देतो. फसगत झालीच तर लगेच 1930 वर कळवा.

पावती मागताना लाजू नका. दोन हजारांच्या वर रोख दिले तर 80जी ची करसवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ती अशीही मिळत नाही. ज्याचं सगळं उत्पन्न शेतीचं आहे, त्याला तर तिचा उपयोगच नाही. तेव्हा 'द्या की काका, टॅक्स वाचेल' असं कुणी म्हटलं, तर कुणाचा वाचेल ते त्यालाच विचारा.