ठपका मेल्टरवरच का?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीत अपघात झाला, की निकाल बहुधा चौकशीआधीच ठरलेला असतो: कामगाराचा निष्काळजीपणा. एकाला घरी बसवतात, भिंतीवर सुरक्षेचा नवा फलक चढतो आणि भट्टी पुन्हा पेटते. कोल्हापूर परिसरात सुमारे ३०० फौंड्र्या आहेत. इथली कास्टिंग देशभरच्या वाहन उद्योगात जातात. एक कास्टिंग नापास झाले तर वाळूपासून रसाच्या तापमानापर्यंत सगळे तपासणारा हा उद्योग माणूस भाजल्यावर मात्र एका शब्दात चौकशी गुंडाळतो. हे त्याच्या कसबाला शोभत नाही.

पावसाळ्यातली इंडक्शन भट्टी डोळ्यांसमोर आणावी. आत १,४०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला लोखंडाचा रस, काठावर त्यात स्क्रॅप टाकणारा मेल्टर. हाताशी उघड्या आवारात भिजलेले स्क्रॅप, आणि त्यात एखादा जुना शॉकअब्सॉर्बर: दोन्ही तोंडे बंद, पोटात तेल. ओला तुकडा रसाखाली गेला की पाण्याची क्षणात वाफ होते. तिला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते, आणि ती मिळाली नाही की रस उसळून काठावरच्या माणसावर येतो.

‘त्याने बघून टाकायला हवे होते,’ असे म्हणतात. पण ते स्क्रॅप विकत कुणी घेतले? निवडायला माणूस होता का? त्यावर छप्पर का नव्हते? मेल्टरचा हात हलण्याच्या कितीतरी आधी हे निर्णय दुसऱ्यांनी घेतलेले असतात.

शिस्त आणि अनुभव असला की चुका होत नाहीत, हा दुसरा समज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे बी-१७ विमान उतरवल्यावर तरबेज वैमानिक फ्लॅप्सऐवजी चाकेच वर घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट तपासले तेव्हा दोन्हींचे खटके सारखेच आणि शेजारी-शेजारी निघाले. त्याने एकाला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्याला पाचरीच्या. अंधारातही हाताला फरक कळू लागला. वैमानिक तेच राहिले, चूक थांबली.

भोपाळमध्ये १९८४ साली हजारो माणसे गेल्यावरही कंपनीने बोट दाखवले ते एका कामगाराकडे, घातपात म्हणून. कारखान्यातली शीतकरण यंत्रणा मात्र आधीपासून बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. एका हातून, चुकून वा मुद्दाम, काहीही घडले तरी ते अडवायला जे उभे असायला हवे होते, तेच उभे नव्हते.

कारखानदारांची एक तक्रार मात्र खरी आहे. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणे बसवली की कामगार एका बटणात लाकडी खुंटी ठोकतो आणि मोकळा हात डायखाली घालतो. पण पगार नगावर असेल आणि पाळीचा आकडा गाठायचाच असेल, तर ती खुंटी कुणी ठोकली म्हणायचे? शिवाय दोन्ही बटणे एकाच वेळी दाबून सोडल्याशिवाय पुढचा ठोका पडणार नाही, असे सर्किट बाजारात मिळते. त्यापुढे खुंटी चालत नाही. १९४८च्या कारखाना कायद्यानेही कलम २१ मध्ये धोक्याच्या भागांना भक्कम आवरण घालण्याची आणि ते टिकवण्याची सक्ती केली. नुसती सूचना लावून ही सक्ती पाळली जात नाही.

राहिला खर्च. स्क्रॅपवर पत्रा, बंद नळ्या कापून घ्यायची सक्ती, लेडल तापवून कोरडे केल्याशिवाय रस न घेण्याचा नियम, हे छोट्या फौंड्रीलाही झेपते. मेल्टरला काठापासून लांब ठेवणारा यांत्रिक फीडर महाग आहे, पण नव्या भट्टीच्या खरेदीतच तो धरता येतो.

याहून स्वस्त काम ‘स्मॅक’ आणि ‘गोशिमा’ या उद्योजक संघटनांना करता येईल. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका गोपनीयपणे नासाकडे कळवतात आणि नावे गाळून त्यांतले धडे सगळ्यांसमोर ठेवले जातात. तशीच थोडक्यात हुकलेल्या अपघातांची सामाईक वही इथे हवी: कामगाराचे नाव नाही, कारखान्याचे नाव नाही, फक्त काय झाले आणि कशामुळे. शिरोलीत रस उसळला, की दुसऱ्या दिवशी गोकुळ शिरगावच्या मेल्टरला ते कळले पाहिजे.