डोव्हरचे पांढरे कडे : तटबंदी की उंबरठा?

१/१२
इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, डोव्हर बंदराच्या दोन्ही अंगांना पांढरेशुभ्र कडे समुद्रातून सरळ उभे राहिले आहेत. काही ठिकाणी त्यांची उंची ११० मीटरपर्यंत जाते. ब्रिटिश लोकमानसात या कड्यांचे स्थान तटबंदीचे आहे. अलीकडे 'आपण', पलीकडे 'ते'. इतिहासाचा पुरावा मात्र या समजुतीच्या बाजूने फारसा उभा राहत नाही.

२/१२
आरंभ दगडापासून करावा. हे कडे खडूचे आहेत. क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, आजपासून सुमारे १० ते ८.५ कोटी वर्षांपूर्वी, उबदार समुद्राच्या तळाशी एकपेशीय शैवालांच्या सूक्ष्म कवचांचा गाळ साचत गेला. वेग हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर. सह्याद्रीचा काळा कातळ घडवणारा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे हाताने चुरता येणारा डोव्हरचा खडू कठीण बेसाल्टाहून वयाने वडील ठरतो.

३/१२
समोर, सुमारे ३३ किलोमीटरवर, फ्रान्सचा काप ब्लाँ-ने हा कडा आहे. नावाचा शब्दशः अर्थ 'पांढरे नाक'. तोही याच खडूचा. एके काळी दोन्ही किनारे खडूच्या एकाच सलग कण्याने जोडलेले होते. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी हिमयुगातील प्रचंड सरोवराचे पाणी त्यावरून ओसंडले आणि कण्याला खिंडार पडले. उत्तर समुद्रातील उरलीसुरली जमीन बुडून ब्रिटन पुरते बेट झाले, त्याला अवघी आठ हजार वर्षे झाली.

४/१२
जमीन तुटली, पण ये-जा तुटली नाही. १९९२ मध्ये डोव्हर येथे रस्त्याचे काम चालू असताना कांस्ययुगातील एक लाकडी नाव सापडली. वय सुमारे साडेतीन हजार वर्षे. ओकच्या फळ्या यू वृक्षाच्या लवचीक फांद्यांनी शिवून ती बांधलेली होती. आज ती डोव्हरच्या संग्रहालयात आहे. 'इंग्लंड' हे नावही जन्मले नव्हते, तेव्हा या कड्यांखाली नावा बांधणारे लोक होते.

५/१२
तटबंदीच्या बाजूचा सर्वांत जुना लेखी साक्षीदार ज्युलियस सीझर. इ.स.पू. ५५ मध्ये तो आला तेव्हा उंचावर सशस्त्र योद्धे उभे होते. वरून फेकलेला भाला थेट किनाऱ्यावर पडेल अशी ती जागा असल्याचे त्याने नोंदवले आहे. ठिकाणाचे नाव त्याने दिलेले नाही, पण ते डोव्हरच असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग त्याने काय केले? सुमारे सात मैल पुढे जाऊन सपाट किनाऱ्यावर सैन्य उतरवले. कड्याने त्याला वळसा घालायला लावले, परत धाडले नाही.

६/१२
पुढे रोमनांनी याच उंचवट्यावर दीपस्तंभ उभारला. तो डोव्हरच्या किल्ल्यात आजही पाहता येतो. ही बाब सूचक आहे. तटबंदीवर पहारा बसवतात; दिवा लावतात तो येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून.

७/१२
शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधील आंधळा ग्लॉस्टर डोव्हरच्या कड्यावरून उडी घेण्यासाठी निघतो. मुलगा एडगर त्याला सपाट जमिनीवर उभे करून पुढे खोल दरी असल्याचे भासवतो. इंग्रजी नाट्यवाङ्मयातील हा विख्यात कडा प्रत्यक्षात रंगभूमीवर नाहीच; तो केवळ शब्दांत आहे. राष्ट्रीय प्रतीकांचे बहुधा असेच असते. पायाखाली काय आहे यापेक्षा कानात काय सांगितले गेले, ते अधिक दिसू लागते.

८/१२
१९४० चा उन्हाळा हा या प्रतीकाचा परमोच्च क्षण. डंकर्कहून ३,३८,००० हून अधिक सैनिक सोडवून आणणाऱ्या मोहिमेची सूत्रे व्हाइस ॲडमिरल रॅमसे यांनी डोव्हर किल्ल्याखाली खडूत खोदलेल्या भुयारांतून हलवली. सुटलेल्यांत एक लाखाहून अधिक फ्रेंच होते. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या खेचर-तुकड्यांतील जवानही होते. 'एकट्या ब्रिटन'च्या कथेत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

९/१२
व्हेरा लिनच्या आवाजात घरोघरी पोहोचलेले युद्धकाळातील गीतही पाहावे. १९४१ मधील या रचनेचे गीतकार नॅट बर्टन आणि संगीतकार वॉल्टर केंट, दोघेही अमेरिकन. गीतात कड्यांवर उडणारा 'ब्लूबर्ड' हा उत्तर अमेरिकेचा पक्षी. ब्रिटनमध्ये तो आढळत नाही. यामुळे गीताने दिलेला धीर खोटा ठरत नाही. मात्र सर्वाधिक 'ब्रिटिश' वाटणारी ही प्रतिमा समुद्रापलीकडून आली, हे विसरता येत नाही.

१०/१२
आता खडूचीच साक्ष. समुद्रतळाखाली खडू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचा एक थर आहे. तो खोदायला मऊ आणि पाणी सहसा झिरपू न देणारा. चॅनल बोगदा मुख्यतः त्यातूनच काढला गेला. १ डिसेंबर १९९० रोजी दोन्ही बाजूंचे कामगार समुद्राखाली भेटले आणि १९९४ मध्ये बोगदा खुला झाला. खोदलेल्या मातीतून डोव्हरजवळ कड्यांच्या पायथ्याशी 'सॅम्फायर हो' नावाची नवी भूमी तयार झाली. तटबंदीच्या दगडानेच वाट दिली.

११/१२
चिरंतनत्वाचा दावाही तपासावा. कडा पांढरा राहतो, कारण तो ढासळतो. लाटा पायथा पोखरतात, दरडी कोसळतात, ताजा खडू उघडा पडतो. लाटा अडवल्या तर काही दशकांत त्यावर गवत-झुडपे माजतील. शेजारच्या ससेक्समधील अशाच कड्यांचा २०१६ मधील अभ्यास सांगतो की, हजारो वर्षे वर्षाला २ ते ६ सेंटिमीटर असलेली झीज गेल्या दीडशे वर्षांत २२ ते ३२ सेंटिमीटरवर गेली आहे.

१२/१२
ब्रेक्झिटच्या काळात दोन्ही पक्षांच्या लोकांनी याच कड्यांवर प्रकाशझोतांनी आपापल्या घोषणा उमटवल्या. आज छोट्या होड्यांतून येणाऱ्या निर्वासितांवरील वादातही पार्श्वभूमीला हेच कडे असतात. कोणाला प्रवेश द्यावा, हा राजकीय निर्णय आहे. त्यावर मतभेद असणारच आणि ते उघडपणे मांडले जावेत. परंतु तो निर्णय निसर्गाने किंवा इतिहासाने आधीच दिला आहे, असे भासवणे अप्रामाणिकपणाचे आहे. सीझरला वळसा घालायला लावणारी आणि डंकर्कच्या थकल्या सैनिकांना सामावून घेणारी जागा एकच आहे. तिला तटबंदी म्हणणाऱ्यांच्या हाती एक क्षण आहे. उंबरठा म्हणणाऱ्यांच्या बाजूने साडेतीन हजार वर्षे आहेत.